फ्रीजातली आडवी बाटली

कोऱ्हाळे बुद्रुक
९ जानेवारी

योगिनी,

मायना लिहीत न्हाय. सातवीपतोर शिकले, त्यातली अर्धी साळा गुरांमागं गेली. मायन्यापेक्षा मुद्द्याचं लिहिलेलं बरं. फोन तू उचलत न्हाईस. संदेशला म्हणलं तुझ्या फोनवरनं लाव, तर माझाच पोरगा मला म्हणतो, "आई, भांडण तुमा दोघींचं हाय, तुमी बघा." म्हणून कागद.

मुद्दा एक. वरच्या खोलीतला तुझा फ्रीज. त्यात तू केलेले चीजचे गोळे हायत आन् दोन बाटल्या हायत, एक उघडलेली, एक बुचाची. येऊन घेऊन जा, न्हायतर कुणाला तरी धाड. माझ्या घरात दारू ऱ्हाणार न्हाय हे त्याच दिवशी बोलले, परत बोलत न्हाय.

मुद्दा दोन. तू वरकुट्याला माहेरी जाऊन बसलीस त्यात माझी चूक काय? गावात मतदान लागलंय. निम्म्याच्या वर बायकांनी आडव्या बाटलीच्या चित्रावर शिक्का मारला की विजयसिंहाचं दारूचं दुकान बंद. घरोघर कोण फिरतं? मी. आन् माझ्याच सुनेच्या फ्रीजात बाटली? मी विचारलं तर तू हसलीस. "आत्या, बघा तरी, आडवीच ठेवलीय की. तुमच्याच पार्टीची हाय." हसली नसतीस तर मी एवढी बोलले नसते. वाईनची बुचाची बाटली आडवीच ठेवत्यात, बूच वाळू नये म्हणून, हे तू नंतर सांगितलंस. ते आधी सांगायचं, हसायचं नंतर.

"पिशवी भर आन् नीघ" आसं मी म्हणलं, खरं हाय. पण सासू म्हणली म्हणून लगेच पिशवी भरतं का कुणी?

गोळ्यांतला एक कमी हाय. मुंग्या लागल्या व्हत्या, टाकून दिला. उगी चौकशी करू नगं.

छबूबाई


२१ जानेवारी

योगिनी,

उत्तर न्हाय. ठीक.

संदेश म्हणला, "आई, फ्रीजात मुंग्या कशा जातील?" मी म्हणलं, गेल्या. त्यानं डबा उचलला आन् बारामतीला कंपनीत गेला. आजकाल आसंच चाललंय. घरात दोन माणसं, आन् बोलणं भिंतीसंगं.

तर मुंग्या न्हवत्या. लाईट दिवसभर गेलेली. तुझं नासतंय का बघायला फ्रीज उघडला. लाल मेण लावलेल्या गोळ्याला चीर गेली व्हती. अन्न फेकायची आपल्यात रीत न्हाय. विळीवर धरला आन् एक फोड काढली. वास आला गोठ्याचा, म्हणलं गेलं हे. तोंडात घातलं. आधी काय न्हाय, मेण चावल्यागत. मग दुधाचं पातेलं तळाला लागल्यावर आपण उलथन्यानं खरवडून खातो ना, तसली चव आली. आली ती जाईचना. भाकरी व्हती, ठेचा व्हता. त्यावर ती फोड ठेवली. दुसरी फोड काढली. तिसरीचं सांगत न्हाय.

तेवढ्यात शेजारनं रोशनबी आली. तिला दारात उभं ऱ्हायची सवय न्हाय, तुला ठाव हाय.

"काय खातीस गं लपून?"

"साबण."

"साबण खाताना आसं डोळं मिटत्यात व्हय? आण हिकडं." तिनं फोड तोंडात टाकली, बोटं चाटली. मग म्हणती, "छबू, हा खवाच हाय. पण रागावलेला."

तवापासनं ती रोज सांजच्याला येती. "रागावलेला खवा हाय का?" आसं रस्त्यावरनं वरडती.

आपल्याच गाईंचं दूध ते. एवढं दूध घालून एवढासा गोळा, डेरीला घातलं असतं तर, आसं मी तुला कितींदा टोचलं असंल. तू रोज वर जाऊन ते गोळे उलटे-सुलटे करून ठेवायचीस. मी खालनं आपल्या गल्लीतल्या द्वारकाबाईला काय म्हणले व्हते, "लेकरू न्हाय, म्हणून चीजला कुशीवर वळवतीय." ते तू ऐकलं नसशील आसं धरून चालते.

आता मी वळवते. ऱ्हायलेत तेवढे. कुणीतरी वळवायला पायजेच.

उघडी बाटली मोरीत ओतून टाकली. तो विषय संपला.

छबूबाई


४ फेब्रुवारी

योगिनी,

मोरीत ओतली न्हाय.

ओतायलाच गेले व्हते. बाटली तिरपी केली आन् वास आला. झाडाखाली पिकली जांभळं फुटून पडत्यात, तसा. म्हणलं, दारूला तर असला वास नसतो. द्वारकाबाईच्या नवऱ्याच्या अंगाचा वास मला ठाव हाय, गल्लीच्या टोकाला यायचा. हे काय हाय म्हणून फुलपात्रात घोटभर घेतलं आन् जीभ लावली.

वाईट. जांभळाची बी चावल्यागत तोंड आवळलं. थुकले. आन् तोंड सुधारायला म्हणून चीजची फोड घातली. योगिनी, मग त्यावर दुसरा घोट घेतला, तर बाटली तीच आन् चव निराळीच. आवळलेलं सगळं सैल पडलं. चीजचा चिकटपणा वाईन धुती, वाईनचा तुरटपणा चीज झाकतं. आमी जन्मभर पिठल्यासंगं कांदा फोडतो, ते काय निराळं? पण ते कुणी फ्रीजात लपवून ठेवत न्हाय.

चढली तर कळावं म्हणून तांदूळ निवडायला घेतले. एक खडा सुटला न्हाय. नुसते कान गरम झाले.

मग रोज सांजच्याला. फुलपात्रभर न्हाय, अर्धंच. रोशनबी चीज खाती, मी दोन्ही. ती बाटलीकडं बघती आन् म्हणती, "तुझं तू बघ, माझ्या वाटणीचा खवा दे." तुमी नवरा-बायको शनिवारी वर बसायचा, हसायचा आवाज खाली यायचा. मला वाटायचं माझ्यावरच हसताय. आता वाटतं, नसतील हसत. तसं एवढं काय आवाजाचं, भाकरी खातानाबी माणूस हसतं.

संदेश म्हणला व्हता एकदा, "आई, ही लई भारी न्हाय, रस्त्याकडच्या वायनरीतली साधीच हाय, पाव्हण्याला शेव-फरसाण आणतो तेवढ्यात येती." मला वाटायचं असलं कायतरी मोठ्या लोकांचं असतं, झुंबराखाली बसून प्यायचं. मी चुलीपुढं पाटावर बसून पिते. जमतं.

उघडी संपली. मग बुचाची काढली. बूच निघंना. लाटण्याच्या टोकानं आत ढकललं, तर फवारा उडाला छातीवर. तेवढ्यात द्वारकाबाई आली. "हे काय गं सांडलं?" म्हणलं, डाळिंब सोलत व्हते. "एवढं?" म्हणलं, लई डाळिंबं व्हती. द्वारकाबाईनं पदराला मीठ चोळून दिलं.

बाकी ठीक. देवळापुढं बायकांची सभा झाली. विजयसिंह सोता आला. कुजकं बोलला. तुझा विषय निघाला. मी काय ते बोलले, मिटलं. मतदानाचं वारं चांगलं हाय.

छबूबाई


१७ फेब्रुवारी

योगिनी,

संदेश काल तुझ्याकडनं आला. चप्पल काढली न्हाय. दारातच उभा ऱ्हायला आन् म्हणला, "प्राचीच्या पाव्हण्यांनी थांबायला सांगितलंय."

मी म्हणलं, तुझ्या मेव्हणीचं? ते इंदापूरचं स्थळ? सगळं ठरल्यातच जमा व्हतं की.

"ठरलं व्हतं. मोठी बहीण दारू पिती, सासूनं हाकलून दिलीय, आसं त्यांच्या कानावर गेलं. कानावर काय, मोबाईलवर. तुझाच आवाज हाय. आई, सभेत काय बोललीस ते मला तोंडानं सांग. शब्दाला शब्द."

मी सांगितलं न्हाय. आठवत न्हाय म्हणले. पण आठवतंय. तुला लिहिते.

विजयसिंह उठून म्हणला, "छबूमावशी, आमचं दुकान बंद करताय, पण तुमच्या घरच्या भंगारात वाईनची मोकळी बाटली निघाली. ती काय तुळशीला पाणी घालायची?" बायका हसल्या. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. ती बाटली मी दिली व्हती भंगारात, योगिनी. तुझी उघडी बाटली, मी संपवलेली. पिशवीच्या तळाला घातली व्हती, वर रद्दी.

आन् मी बोलले. "व्हय, निघाली. माझ्या सुनेची. म्हणूनच आज ती माहेरी हाय. पोराचा संसार मोडला, पण घरात बाटली ठेवली न्हाय. बायांनो, मी सून घालवली, तुमाला नुसता शिक्का मारायचाय."

टाळ्या पडल्या. द्वारकाबाईनं माझा हात धरला, रडली. म्हणली, तुझ्यासारखी छाती पायजे. तिनं ते मोबाईलवर धरलेलं, तिनंच पुढं धाडलं, चांगल्या मनानं. आता कोऱ्हाळ्याची गोष्ट इंदापूरला जायला गाडी लागत न्हाय.

"मी सून घालवली" हे मला तवा लई झ्याक वाटलं. मला घोषणा जमत्यात. टाळ्या ऐकून मी आणखी दोनदा म्हणले.

आदल्या सांजेला फुलपात्र विसळून फळीवर पालथं घातलेलं व्हतं. सभेतनं घरी आले, ते दिसलं. मी काय केलं? बसले आन् प्याले. चव कळली न्हाय. चीजबी कळलं न्हाय. रोशनबी म्हणली, "आज खवा न्हाय, तूच रागावलीस." मी तिला घरी पाठवलं.

चार तारखेच्या कागदात मी "मिटलं" आसं लिहिलंय. ते खोटं हाय. ते खोडून वाच.

प्राचीचं मला बघितलं पायजे. तिनं काय केलंय कुणाचं.

छबूबाई


२३ फेब्रुवारी

योगिनी,

झालं ते सांगते.

रोशनबीला विचारलं, काय करू? ती म्हणली, "बोलायचंच हाय तर मतदान झाल्यावर बोल. आत्ता बोललीस तर विजयसिंह ढोल वाजवंल आन् बायका मागं सरतील." बरोबर हाय तिचं. पण मला माझं ठाव हाय. मतदान झालं, जिंकलं, गळ्यात हार पडला की मी बोलले नसते. आणखी एक घोषणा केली असती.

काल शेवटची सभा. मी उठले. द्वारकाबाईला म्हणलं, मोबाईल काढ, हेबी धर. मग म्हणलं, "भंगारातली बाटली माझ्या सुनेनं संपवली न्हाय. मी संपवली. तिला घालवल्यावर. तिच्याच फ्रीजातली. दुसरीबी आता तळाला आलीय. सून पिती म्हणून मी इथं वरडले, तवा माझ्या तोंडाला वास असंल, कुणी जवळ आलं न्हाय म्हणून वाचले."

मग मागनं एक नवी नवरी म्हणली, "मावशी, कशी लागती हो?" आन् सगळ्या फुटल्या. मीबी हसले, खोटं कशाला सांगू. वाटलं, सुटले.

द्वारकाबाई हसली न्हाय. मोबाईल तसाच माझ्यावर धरलेला. म्हणली, "डाळिंब म्हणलीस मला. मी मीठ चोळलं तुझ्या पदराला."

"व्हय."

"माझ्या मालकाची उलटीबी मी आशीच धुवायचे. तोबी म्हणायचा, काय न्हाय, भजी बाधली."

मी म्हणलं, द्वारका, हे तसलं न्हाय गं. अर्धं फुलपात्र, जेवणासंगं...

"असंल," ती म्हणली. "फरक असंल. पण तो तू मला दाखवू नगं. माझ्या घरातबी पयल्यांदा अर्धाच गिलास व्हता. छबू, तू आता मागं बस."

मी मागं बसले. ती पुढं झाली, तिनं सभा पुरी केली. चांगली केली. माझ्यापेक्षा हळू बोलती पण बायका ऐकत्यात.

दुकान बंद व्हायलाच पायजे हे मला पटतंय. आन् तुझी वाईन तुझ्या चीजसंगं झ्याक लागती, हेबी पटतंय. दोन्ही एका डोक्यात कशी ऱ्हात्यात ते इचारू नगं, मला जमवून सांगता यायचं न्हाय. मतदानाला जाईन आन् आडवीवर शिक्का मारीन.

ऱ्हायलेली वाईन फ्रीजात हाय. बूच आत पडल्यामुळं वर वाटी ठेवलीय, म्हणून उभी ठेवावी लागली. ओतली न्हाय, प्याले न्हाय.

कालचं मोबाईलवरचं संदेशला धाडलंय. त्यानं तुला दाखवलं का ते तो सांगत न्हाय. पण रात्री त्यानं जेवायला माझ्यासमोर ताट घेतलं.

छबूबाई


वरकुटे
२७ फेब्रुवारी

योगिनी,

हा कागद तुमच्याच ओसरीवर बसून लिहितेय. प्राचीकडनं वही-पेन मागितलं. तिनं दिलं, पण हातात न्हाय, कट्ट्यावर ठेवलं. तुझी आई पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली ती गेलीच. बरोबर हाय त्यांचं.

आधी निकाल. आडवी निवडून आली. दुकान बंद. द्वारकाबाईनं बायकांना गुलाल लावला. माझ्यापतोर आली, ताटलीत गुलाल व्हता, पण पुढं गेली. मी घरी येऊन तोंड धुतलं, कशाला धुतलं कुणास ठाव, कोरडंच व्हतं.

मग आज सकाळी इंदापूर. संदेश म्हणला मी सोडतो, मी म्हणलं नगं, पाव्हण्यांना वाटंल पोराला साक्षीला आणलंय. यष्टीनं गेले. पाव्हण्यांचं घर शोधायला मात्र लई फिरले. प्राचीच्या व्हणाऱ्या सासूला रोहिणीताई म्हणत्यात, व्हय ना? आता व्हणाऱ्या म्हणायचं का न्हाय ते ठरायचंय. बाई साळंत मास्तरीण हाय, मला वाटलं मायना-बियना लावून बोलावं लागंल. मी सरळ सुरवात केली.

"त्या मोबाईलातली बाई मीच. सून हाकलली ती मीच. पण बाटली सुनेची म्हणून सांगितली ती मी प्यालेली व्हती."

ती म्हणली, "म्हणजे तुमची सून पीत नाही?"

योगिनी, हितं मी अडकले. न्हाय म्हणले असते तर प्राचीचं काम झालं असतं. जिभेवर आलं व्हतं, निम्मं. बाई पदराशी चाळा करत माझ्याकडं बघत व्हती. मी म्हणलं, "पिती. शनिवारी, नवऱ्यासंगं, आपल्या खोलीत बसून, सोता केलेल्या चीजसंगं, थोडी. त्यात तिनं काय लपवलं न्हाय. मी बघायला गेले तर हसून दाखवली. लपवलं ते मी."

बाईनं पदर सोडला. मग म्हणली, "मावशी, तुम्ही एवढ्या लांब हे सांगायला आलात?"

म्हणलं, "मी सांगितलेलं एवढ्या लांब आलं व्हतं, त्याच्या मागं यावंच लागलं."

तिनं च्या दिला. "घरात बोलून कळवतो" म्हणली. व्हय न्हाय काय कळलं न्हाय. निघताना विचारलं, "चीज घरी होतं?" म्हणलं, व्हतं, पण तुमी बघायला आलात तर माझ्याकडं न्हाय, सुनेकडं मागा. तिच्या ह्या विचारण्याचा अर्थ काय लावायचा तो तूच लाव, तुला माणसं कळत्यात. तिथनं सरळ हितं आले.

मी खरं सांगितलं त्यानं प्राचीचं मोडलं, तर तो दोष माझा. खोटं सांगून जुळवलं असतं तर ती पोरगी जन्मभर कुणी ओळखीचं दारात आलं की दचकली असती. मला वाटतं मी बरोबर केलं. माझ्या वाटण्याचं काय, सून घालवली तवाबी मला बरोबरच वाटत व्हतं.

पिशवीत चीज आणलं न्हाय. तुझंच तुला देऊन मोठेपणा कशाला. गोळे फ्रीजात हायत, अंगावर लोकरीगत पांढरी बुरशी धरलेला एक मऊ पडलाय, तो चांगला का वाईट ते मला कळत न्हाय. शनिवारच्या आत कुणी जाणत्यानं बघायला पायजे. कुशीवर वळवतीय म्हणले व्हते ना मी, ते तू ऐकलं व्हतंस. संदेशनं सांगितलं. त्या दिवसापासनं तू वर जाताना दार लावून घ्यायचीस, ते का, ते मला आज कळलं.

माफी मागते आसं लिहायचं असतं. लिहिलं. पण लिहून भागत न्हाय हे मला ठाव हाय, म्हणून आले.

ऊन ओसरीवर आलंय. परतीची गाडी मला गाठायची हाय, पण ती गेली तर गेली. मी आत येत न्हाय. ज्या बाईला पिशवी भर म्हणलं, तिच्या दारात मी सोताहून कशी शिरू? हा कागद प्राचीकडनं आत धाडते. तुला बाहेर यायला नगं, समोर बसून बोलायला नगं. बांगड्या वाजत्यात, म्हंजी तू दाराच्या मागंच हायस.

लई बोलू नगं. आतनं नुसतं "आत्या" म्हण. मी "आत या" ऐकीन.